कपाळाला लावलेली फ्लॉपी

माजलगावात घरी येऊन कॉम्प्युटर दुरुस्त करणारा तेव्हा तो एकटाच. व्हायरस म्हटलं की आधी उलटतपासणी. "कुनाची फ्लॉपी घातली? खरं सांगा." मग स्वतःची अँटिव्हायरसची फ्लॉपी खिशातून काढून शर्टाला पुसायची, कपाळाला लावायची आणि आत सरकवायची. मला त्या नमस्काराची भारी गंमत वाटायची.

एकदा मी म्हणालो, "तुमची सोडून दुसरी कुणाचीच घातली नाही."

तो हसला. तरी त्यानं आपली फ्लॉपी तपासली आणि पडद्याकडे बघतच राहिला. व्हायरस तिच्यातच होता.

चहा, कॉम्प्युटर, सगळं तसंच टाकून तो चपला घालू लागला.

"कुठं निघालात?"

"धारूरला. तिथल्या मास्तरांना परवा लई बोललो मी. त्यांच्या पोरांदेखत."