खांद्यावरची चार बोटे

कोसाडच्या वसाहतीतून कंपनीच्या गाडीने पलसाण्याच्या कापडछपाई कारखान्यात येणाऱ्या बायकांत अंजनाबाई बिऱ्हाडे सर्वांत जुन्या. छापून आलेला कापडाचा ताका टेबलाच्या काचेवरून सरकू लागला, की काचेखालच्या उजेडात डाग, तुटका धागा, सरकलेला रंग हेरायचा, हे त्यांचे काम. दोष दिसला तर खडूची खूण. ताका निर्दोष असेल तर काठाला त्यांच्या क्रमांकाची चिठ्ठी. ती चिठ्ठी म्हणजे अंजनाबाईंचा शब्द, आणि त्या तो सहजासहजी देत नसत.

त्या दिवशीचा माल मुलांच्या चादरींचा होता. करड्या धुरात रणगाडे, तोफा, झेपावणारी विमाने; आणि मध्येच तोफगोळ्यांची टोपली हातातून सुटलेला, मागे कोसळणारा एक शिपाई. त्याच्या डाव्या खांद्यावर चार फिकट रेघा उमटल्या होत्या. नक्षी जिथे जिथे पुन्हा येई, तिथे तिथे त्या रेघाही येत. एकदाच पडलेला डाग यंत्राचा असतो, पुन्हा पुन्हा त्याच जागी पडणारा मूळ चित्राचा, हा त्यांचा अनुभव. खडू ठेवून त्या वर डिझाइनच्या खोलीत गेल्या.

तिथे पारोळ्याचा कुंदन संगणकावर नक्षी बनवत बसलेला असे.

"भाऊ, तुझ्या शिपायाच्या खांद्यावर डाग पडून राहिला. दरेक रिपीटला."

कुंदनने चित्र मोठे केले आणि तो हसला. "डाग नाही मावशी, बोटं आहेत. हात उडवला, बोटं राहून गेली."

"कोणाचा हात?"

त्याने मूळ चित्रफीतच लावली. दुसऱ्या महायुद्धातली, ब्रह्मदेशाच्या बाजूची. कृष्णधवल आणि मुकी. चिखलातून रणगाडा चढतो. तोफ मागे धक्का खाते. पडद्याच्या तळाशी इंग्रजी अक्षरे उमटत होती आणि कुंदन ती हौसेने वाचून दाखवत होता: रणगाड्याची जात, तोफेच्या नळीचा व्यास, विमानाचे नाव. मग धूर. गोळे वाहणारा एक काळासावळा माणूस मागे कोसळतो, आणि त्याच्या मागचा दुसरा माणूस हात लांब करून त्याचा खांदा धरतो. तेवढ्यात दृश्य तुटते. पुढचा रणगाडा येतो.

"ह्याचं नाव नाही लिहिलं?"

"सोल्जर आहे, मावशी. नाव तोफेचं लिहिलंय ना!"

"आणि ते झेंडे कुठं गेले? फिल्लममधे होते."

"काढले. उगाच कोणाच्या भावना दुखावल्या तर शेठ माझं डोकं खातील."

"मग ह्याला का ठेवला?"

"पोज भारी आहे. पोरांना ॲक्शन लागते. तो दुसरा आडवा येत होता, नक्षी बसत नव्हती." त्याने खांदे उडवले. "ऐंशी वर्षं जुनं फुटेज आहे. एकदम फुकट. कोणी विचारायला येत नाही."

अंजनाबाईंच्या कानशिलांत ठणका उठला. त्यांचा आजा सोमा याच लढाईत ओझी वाहायला गेला आणि परतला नाही. त्याचा फोटो कधी निघालाच नव्हता. घरातल्या प्रत्येक लग्नपत्रिकेवर मात्र 'कालकथित सोमा' हे नाव सर्वांत वर छापले जाई. त्याखेरीज पत्रिका छापखान्यात जात नसे. पडद्यावरचा माणूस आपला आजा नव्हे, हे त्यांना पक्के ठाऊक होते. पण चेहरा हरवलेल्याचे नाव त्यांचे घर तीन पिढ्या जपत होते, आणि इथे चेहरा असलेल्याचे नाव कोणाला नकोच होते. कॅमेरा नेणाऱ्यांनी लोखंडाची वंशावळ नोंदवली. ज्याच्या पाठीवरून ते लोखंड चढले, तो त्यांच्या लेखी चिखलासारखाच होता. आणि आता त्याचे मरणही वारावर मोजून विकायला काढले होते.

"पोरं ह्याच्या मढ्यावर झोपतील, कुंदन?"

"पॉलिस्टर आहे, मावशी! पण बरं झालं, बोटं दाखवलीत." माउस दोनदा क्लिक झाला. खांदा स्वच्छ झाला. "घ्या. तुमची कंप्लेंट मिटली."

अंजनाबाई जिना उतरल्या त्या स्वतःवरही चिडूनच. मरत्या माणसाला सावरणारा एकच हात त्या कापडावर उरला होता. तो पुसला गेला त्यांच्याच तक्रारीने.

सुधारलेला माल दुसऱ्या दिवशी टेबलावर आला. रंग नेमका, धागा साबूत. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. अंजनाबाईंनी खडू उचलला. शिपाई आला की त्याच्या डाव्या खांद्यावर चार रेघा. पुन्हा शिपाई, पुन्हा चार रेघा. शेजारच्या टेबलावरची विशाखा कुजबुजली, "काकू, काय करून राहिल्या? ताका फ्रेश आहे, एक डाग नाही." अंजनाबाईंचा खडू चालूच राहिला.

सुपरवायझर भाईदास धावत आला. "अंजनाबेन! आखो ताको बगाडी नाख्यो! डाग क्यां छे?"

"इथं हात होता, भाईदासभाई. तो काढला. हा दोष आहे."

"केनो हाथ?"

"ते तुम्ही विचारा. तोफेचं नाव तर सगळ्यांना माहीत आहे."

भाईदासने कपाळावर हात मारला. मग स्वर उतरवला. बाईंचा त्यालाही मान होता. "जुओ बेन, चिठ्ठी लावी दो. हूं पुसून घेतो."

"पुसा. माझी चिठ्ठी नाही लागणार."

"तो काले पॅकिंगमां."

उद्यापासून पॅकिंग, म्हणजे दिवसभर उभे राहणे आणि कमी पगार. अंजनाबाईंनी आपल्या क्रमांकाच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा उचलून त्याच्या हातात दिला. तो गठ्ठा दुसऱ्या कोणाच्याही उपयोगाचा नव्हता, कारण प्रत्येकीचा क्रमांक वेगळा होता.

भाईदासने ओला कपडा मागवला आणि स्वतःच खांदे पुसायला बसला. खडू निघाला, पण करड्या धुरावर पाण्याचे ओघळ उमटले. ताका वाळवायला टाकावा लागला आणि संध्याकाळचा मालाचा ट्रक तो न घेताच फाटकाबाहेर गेला. बाजूने कंपनीची गाडी कोसाडला निघाली. खिडकीशी बसलेल्या अंजनाबाईंनी वाळत टाकलेल्या त्या कापडाकडे एकदा पाहिले. राग तसूभरही उतरला नव्हता, आणि तो उतरावा असे त्यांना वाटतही नव्हते.