येते म्हणणारी मावशी

चूक माझी होती, ती आधीच सांगून टाकतो. बाबांना पोचवून आम्ही घरी परतलो, त्या दुपारी मी एका बाईला चारचौघांत टाकून बोललो. तिचा गुन्हा एवढाच, की निघताना ती माझ्या आईला "येते बाई" म्हणाली.

तुम्हीही पाहिलं असेल, दुखवट्याच्या घरातून माणसं न बोलता उठतात. "येतो" म्हटलं की तसाच प्रसंग पुन्हा येतो, असं मानतात. मी ओरडलो, "येते काय म्हणता? अजून कोणाला न्यायचंय?" तिने पदर सारखा केला, चपला घातल्या आणि गेली. "बरं सुनावलंस," आत्या म्हणाली. तेव्हा मलाही ते बरंच वाटलं.

गल्लीत सगळे तिला मावशी म्हणत. बोरी गावची, शेळ्या-मेंढ्यांच्या घरातली. परभणीत एका दवाखान्यात आया म्हणून तिने उभी हयात काढली. रिटायर झाल्यावर, 'आता घरी न्या' म्हणून दवाखान्याने पाठवलेल्या माणसांच्या उशाशी ती जाऊन बसायची. "मी काय डॉक्टर हाय? मी आपली बसायला आलेय," हे तिचं ठरलेलं वाक्य.

बाबांकडे ती शेवटचा महिनाभर रोज आली. ओला कापूस त्यांच्या ओठांवरून फिरवायची, चादरीची घडी अंगाखाली सरकवून कूस बदलायची. बाबा जुने शिक्षक. तशातही तिची भाषा तपासायचे.

"न्हाई नव्हे. नाही म्हण."

"न्हाई तर न्हाई, गुरुजी. तोंड उघडा."

बाबा हसायचे. त्या महिन्यात आमच्या घरात कोणी हसत होतं, हे आता सांगूनही खरं वाटत नाही.

मला मात्र त्यांच्या अंगाला हात लावायची भीती वाटायची. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, तिला दिसलं. तेलाची वाटी हातात देऊन म्हणाली, "चोळ. बापाचे पाय हायत, इंचू न्हाई." मग रोज चोळले. आजही बाबा आठवले की आधी माझ्या तळहातांना त्यांचे पाय आठवतात.

आणि त्याच बाईला मी तसं बोललो.

चौदाव्या दिवशी पाहुणे पांगले. आईने ताट सरकवलं. त्यानंतर आठवडाभर ती नुसत्या चहावर होती. कोणाला बोलवायचं ते मला कळत होतं, पण बोलवायला तोंड नव्हतं. शेवटी एका दुपारी मावशीच आली, फडक्यात भाकरी घेऊन. माझ्याकडे न बघता आईजवळ बसली.

"गुरुजी जेवताना लय कटकट करायचे का गं?"

आईने फडक्यातल्या भाकरीकडे पाहिलं. मग म्हणाली, "वरणात मीठ कमी म्हणायचे. रोज. चव न घेताच." आणि हसली. हसता हसता रडली, आणि रडतच अर्धी भाकरी खाल्ली.

मी पुढे झालो. "मावशी, त्या दिवशी मी..."

"आधी चहा टाक."

ती दर गुरुवारी येत राहिली. मी तो विषय काढला की चहा टाकायला लावायची. निघताना "येते" ठरलेलंच. एकदा आईने विचारलं, असं का म्हणतेस? "माणूस गेलं की घराला समदे भेतेत. न बोलता उठतेत, ते पुन्हा येतच न्हाईत. मी 'येते' म्हणून ठेवते. मग यावंच लागतंय."

आता गल्लीत कोणी अंथरुणाला खिळलं की आई जाते. "बसायला आलेय," म्हणते.

यंदा थंडीत मावशी बोरीला लेकाच्या घरी गेली. शेवटी सून तिचा हात धरून बसली होती. ती गेल्याचं कळल्यावर आई आणि मी भेटायला गेलो. अंगण भरलेलं, कडेला शेळ्या. माणसं एकेक करून मुकाट उठत होती.

मीही उठलो. बोललो होतो चारचौघांत, म्हणून सांगितलंही चारचौघांतच. "ताई, 'येते' म्हणाल्या म्हणून मी तुमच्या सासूबाईंना टाकून बोललो होतो. माझं चुकलं."

सुनेने डोळे पुसले. "ठावं हाय, दादा. माफी मागायची म्हणून पोरगं चहा लय ग्वाड करतंय, म्हणायच्या."

मी हात जोडले. सगळे बघत होते.

"येतो," म्हणालो.