रविवारच्या रश्श्यावर ठरलेलं

आमच्या पदार्थविज्ञान विभागात विविधता भरपूर आहे. एका सरांना तांबडा रस्सा आवडतो, दुसऱ्यांना पांढरा आणि विभागप्रमुखांना दोन्ही एकत्र करून लागतो. उरले मी. विभागातली एकमेव बाई, त्यात माहेर सीमेकडचं लिंगायत, म्हणजे मटणाचा वासही सहन न होणारी.

तरी मटणाशी माझं भांडण नव्हतं. भांडण होतं ते सोमवारशी. आमच्या बैठका शुक्रवारी होतात. नवं यंत्र कुणाला मिळणार, परिषदेला कोण जाणार, असं काही विचारलं की प्रमुख म्हणायचे, "बघूया की म्याडम." सोमवारी पुन्हा विचारलं की, "अहो, ते ठरलंय की!" मधल्या दोन दिवसांत नेमकं काय घडतं, हे कळायला माझ्यासारख्या पीएचडी झालेल्या बाईला कित्येक वर्षं लागली. महिन्यातल्या एका रविवारी सगळे सर प्रमुखांच्या मळ्यात रस्सा करायला जमत. विभागाचं विज्ञान तिथंच शिजत असे.

मला कधी बोलावणं नव्हतं. त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता, होती ती काळजी. संध्याकाळी प्रयोगशाळेत थांबू नका, काळजी वाटते. परगावच्या परिषदेला कशाला जाता, काळजी वाटते. एवढ्या काळजीतून मी नोकरीत टिकले कशी, याचंच मला नवल वाटतं.

या वेळी मात्र प्रश्न माझ्या प्रकल्पाचा होता. पाण्यातली घाण ओळखणाऱ्या छोट्याशा उपकरणाची कल्पना माझी, प्रस्तावही मीच लिहिलेला. तो विभागाच्या नावानं गेला आणि दिल्लीहून मंजूर होऊन आला. आता प्रमुख संशोधक म्हणून एक नाव कळवायचं होतं. शुक्रवारी मी विचारलं, "नाव माझंच ना?"

"बघूया की म्याडम."

येणारा रविवार रश्श्याचा होता. रविवारी सकाळी स्कूटर काढली आणि सरळ मळा गाठला.

आंब्याखाली चुलीवर पातेलं रटरटत होतं. प्रमुख नुसत्या बनियनवर पळी फिरवत होते. मला बघून त्यांनी आधी शर्ट शोधला. तांबड्या रश्श्याचे सर मात्र खुलले. "बरं झालं म्याडम आलासा! भाकऱ्या कोण थापणार, ह्याचीच पंचाईत झालती."

मला भाकरी उत्तम येते. अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, अक्षरओळखीच्या आधी तीच शिकवली होती. "मला नाही येत," मी म्हटलं. माझ्या पीएचडीचाही त्यांना एवढा धक्का बसला नव्हता.

"तुमास्नी वास सोसायचा न्हाई," प्रमुख मायेनं म्हणाले. "तिकडं विहिरीजवळ निवांत बसा की. दहीभात देतो लावून." लगेच सतरंजी पडली, ताट आलं, पाण्याचा तांब्या आला. मान एवढा मोठा आणि इतक्या लांब, की मला तिथून काहीच ऐकू येईना. दिसत तेवढं होतं. तांबड्या रश्श्याचे सर काहीतरी बोलले, प्रमुखांनी मान डोलावली, मग सगळे हसले.

तळपायाची आग मस्तकाला गेली. मी ताट उचललं आणि पातेल्याशेजारी जाऊन मांडी घातली. वास सोसत विचारलं,

"माझ्या प्रकल्पाचं चाललंय का?"

सगळ्यांनी पातेल्यात बघितलं. शेवटी तांबड्या रश्श्याचे सर म्हणाले, "तुमच्या भल्यासाठीच की म्याडम. दिल्लीच्या फेऱ्या, घरात ल्हान पोरगी. नाव माझं घालूया, काम तुमीच करा. कोण नगं म्हणतंय?"

"मी म्हणतेय," मी म्हटलं. "माझ्या पोरीचं मी आणि माझा नवरा बघू. नाव माझं जाईल. तसं ठरेपर्यंत मी इथून हलणार नाही."

बाईमाणसासमोर मटणाची नळी फोडायची कशी, हा आमच्या विभागापुढचा आजवरचा सर्वांत अवघड प्रश्न होता. कुणी ताटाला हात लावेना. रस्सा गार होत चालला.

"घाला की ओ त्यांचंच नाव," पांढऱ्या रश्श्याचे सर वैतागले. "मला भूक लागल्या."

गुणवत्तेवर नव्हे, भुकेवर निवड झाली. पण सोमवारी खरंच माझं नाव गेलं. पुढं महिला दिनाला प्रमुखांनी भाषणात सांगितलं, की म्याडमना आम्हीच पुढं आणलं. टाळ्या पडल्या, मला शाल मिळाली. ती पांघरून मी दात-ओठ खात बसले होते.

आता मला मळ्यावरचं बोलावणं रीतसर येतं. विहिरीजवळ माझी सतरंजी आधीच टाकलेली असते. मी ती गुंडाळून चुलीपाशी आणते. वास नाकात बसतो, धुरानं डोळ्यांतून पाणी येतं. "कशाला तरास करून घेतासा म्याडम?" असं दर वेळी कुणीतरी विचारतं.

मागच्या रविवारी पीएचडीच्या एका जागेचं चाललं होतं. अर्ज करणाऱ्यांत एक मुलगी होती, गुणांनी सगळ्यांच्या वर. "पोरगी हुशार हाय, पर लगीन झालं की..." तांबड्या रश्श्याचे सर बोलता बोलता माझ्याकडं वळले, आणि त्यांनी मुकाट्यानं भाकरीचा तुकडा मोडला.

मी दहीभात कालवत राहिले. जागा त्या मुलीलाच मिळाली.