कोंड्यातल्या गोळ्या

मालकाच्या पोरानं माझ्या बायकोच्या औषधाच्या पिशवीला लाथ मारली. पिशवी फाटली. शुगरच्या गोळ्या भाताच्या कोंड्यात उडाल्या.

"बुढ्ढी को मरना है तो घर ले जा. मिल धर्मशाला है क्या?"

गोंदियाच्या त्याच राईस मिलमध्ये मी जन्मभर पोती उचलली. हा पोरगा रांगताना पाहिला. मी गुडघ्यावर बसलो. गोळ्या वेचू लागलो. सारे हमाल पाहून राहिले होते.

का गेलो होतो, ते सांगतो. आमच्यात रीत आहे. हमालाचं काम सुटलं की शेवटच्या दिवशी पोतं ओढायचा आकडा मिलच्या देवीपुढं ठेवून जायचं. मी आकड्यासंगं दवाखान्याचं विम्याचं कार्डही ठेवलं. मिलनं दिलं ते मिलचं, एवढंच समजलो. मुनीमानं कार्ड उचललं, खिशात घातलं.

मग तिचं औषध विकत आणावं लागे, पुरत नव्हतं. गोळी अर्धी मोडून द्यायचो तिला. तिच्या पायाला जखम झाली, ती चिघळली. तेव्हा विम्याच्या दवाखान्यातली नर्सबाई म्हणाली, "बाबाजी, कार्ड तुमचंच. रिटायर झाल्यावरही दोघांचं औषध चालते. मिलची सही-शिक्का आणा."

मुनीमानं आज-उद्या करत फिरवलं. शेवटी बोलला, "एक को दिया तो सब आएँगे." म्हणून त्या दिवशी तिलाच संगं नेलं. वाटलं, पाय पाहून तरी सही देतील.

ती पोत्याला टेकून बसली होती. तिथूनच ओरडली, "उठा जी! कोंबडीवानी काऊन टिपून राहिले?"

मी उठलो.

देवीपुढं जुन्या हमालांच्या आकड्यांचा ढीग होता. हाती आला तो उचलला. कोणाचा होता, माहीत नाही. पोराची गचांडी धरून त्याला टेबलावर आडवा पाडला. आकडा त्याच्या बोटांजवळ लाकडात रुतवला. लाकूड चिरलं.

"कार्ड काढ. सही कर. नाही त पुढचा घाव हातावर."

मुनीमानं कार्ड काढलं, पोराची सही झाली. शिक्का पडला. मग मालकाच्या माणसांनी मला घेरून मारलं. तोंड फुटलं, दात पडले. मुठीतलं कार्ड सोडलं नाही.

कार्ड चालू झालं. पण उशीर झाला होता. तिचा पाय घोट्यापासून कापावा लागला.

माझ्यावर केस झाली. मालकानं माणूस धाडला. माफी मागितली तर केस मागं घेतो म्हणे.

मी म्हटलं, "माफी त्यानं मागायची. माह्या घरी येऊन, तिच्यापुढं बसून."

कोर्टात विचारतील, आकडा उचलला का? हो म्हणीन. जेल झाली त जेलात जाईन. सुटून आलो की पुन्हा मिलच्या फाटकावर. ज्या हमालाचा शेवटचा दिवस, त्याला सांगीन, आकडा ठेव, कार्ड ठेवू नको. अन् मुनीमाचा हात त्या हमालाच्या कार्डाकडं गेला, त तो मोडायला मी आहो.