परत केलेली ओटी

सन १९१८. दसरा होऊन सहावा दिवस. सकाळची वेळ. जागा: गावाबाहेर, मरीमायच्या ठाण्यासमोर.

हजर: गावचे पाटील. पाटलांची आई, जिला सगळे थोरल्या बाई म्हणत. मरीमायचा भगत. गाडा ओढायला आमच्या महारवाड्यातले चार बाप्ये, त्यांत माझा चुलता. गावातली पन्नासेक माणसं, लांब उभी, तोंडावर उपरण्याची टोकं धरून. माझी माय. मी, अकरा वर्षांची. माझ्या उराशी बारा दिवसांचा भाऊ, अजून नाव न ठेवलेला.

गैरहजर: माझा बाप, मरून आठ दिवस. माझा चार वर्षांचा भाऊ किसना, मरून सहा दिवस.

गावाचं नाव लिहीत नाही. कामरगावपासून दोन कोसांवर आहे एवढं पुरे. त्या गावात माझे नातेवाईक अजून राहतात आणि त्यांना तिथेच राहायचं आहे.

थोरल्या बाईंनी सूप पुढे केलं. त्यात हिरवं लुगडं, खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. सूप जमिनीवर ठेवलं आणि त्या सात-आठ पावलं मागे सरल्या. मग मला म्हणाल्या, "पोरी, तूच भर तुह्या मायची ओटी. आमी नाही शिवत."

मायच्या अंगात देवी होती असं त्यांचं म्हणणं. पण देवी झाली तरी विटाळ होताच. म्हणून मायची ओटी भरायला पोटची पोर. सवाष्णीची ओटी भरतात. माझी माय आठ दिवसांपूर्वी विधवा झाली होती. तेही त्या दिवशी कोणी मोजलं नाही. तिच्या कपाळावर कुंकू मी लावलं. माझ्या हाताने.

आता हे का झालं ते क्रमाने सांगते.

त्या साली मानमोडी आली होती. ताप यायचा, मान मोडल्यासारखी दुखायची, तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणूस जायचं. शिकलेले लोक तिला इन्फ्लुएंझा म्हणतात हे मला फार पुढे कळलं. माय बाळंत झाली आणि दोन दिवसांनी बाप अंथरुणाला लागला. ओली बाळंतीण त्याच्या उशाशी बसून राहिली. तो गेला. त्याच दिवशी किसना तापला. तो दोन दिवस मायच्या मांडीवर होता, मग तोही गेला. माती द्यायला त्या दिवशी वस्तीत दोनच बाप्ये अंथरुणाबाहेर होते. त्यांनी बापाच्या शेजारी लहान खड्डा खणला.

माय रडली नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिने सूप घेतलं आणि दारात बसून पाखडायला लागली. सुपात काही नव्हतं. ती रिकामं सूप पाखडत होती. बाळ शेजारी रडायचं, तिला ऐकू यायचं नाही. मी बाळाला तिच्या छातीशी लावलं की ती हात बाजूला करून पुन्हा सूप उचलायची. मी शेळीचं दूध कापसाच्या बोळ्याने त्याच्या तोंडात पिळायचे. वेचणी नुकती सुरू होत होती, कापूस तेवढा घरात होता.

रिकाम्या सुपाचा आवाज गावापर्यंत गेला. गावाने अर्थ लावला. बाईच्या अंगात मरीमाय बसली. घरातली दोन खाल्ली, आता गाव पाखडून राह्यली. भगताने लिंबू कापून तेच सांगितलं. पाटलाने ठरवलं की गाडा काढायचा, आणि गाड्याबरोबर बाईलाही शिवेपार घालायचं.

गाडा म्हणजे लाकडाचा, कमरेएवढा. त्यावर मरीमायचा मुखवटा, भोवती कडुलिंबाचा पाला. साथ आली की तो वाजतगाजत गावाच्या शिवेपार सोडून यायचा. पुढच्या गावाने तो त्यांच्या पुढच्या शिवेपार ढकलायचा. रोग असा गावोगाव पुढे सरकवायचा. ओढायचं काम आमचं. माणूस बरोबर पाठवल्याचं मात्र मी तोवर ऐकलं नव्हतं.

इथे एक गोष्ट लिहायलाच हवी. ती लिहायला मला इतकी वर्षं लागली.

ओटी भरून झाली आणि पाटलाने लांबून आमच्याकडे पाहून हात जोडले. मागची पन्नास माणसंही वाकली. ज्या माणसासमोर माझा बाप "जोहार मायबाप" म्हणत जमिनीला टेकायचा, तो माझ्या मायपुढे हात जोडून उभा. मी पाठ ताठ केली. मान वर केली. मला बरं वाटलं. माय शेजारी थरथरत होती आणि मला अभिमान वाटत होता.

हाकलायच्या आधी त्यांनी नमस्कार केला. मी तेवढ्यावर भुलले.

गाडा निघाला. हलगी पुढे, माय मागे, मी तिच्या लुगड्याचं टोक धरून. थोरल्या बाईंनी मागून बजावलं, "मांगं पाहू नका. पाच मंगळवार इकडं याचं नाही." शिवेवरच्या नाल्यापाशी गाडा पलीकडे सोडला. चारही बाप्यांनी नाल्यात अंगं धुतली. मी चुलत्याला विचारलं, आम्ही कुठं जायचं. तो ओल्या अंगाने उभा राहिला. म्हणाला, "पुढं जा. मले नोको इचारू. माह्यं बी घर हाये वं पोरी." आणि गेला. मागे वळून पाहायची बंदी त्याच्यावर नव्हती. तरी त्याने पाहिलं नाही.

पुढचं गाव अर्ध्या कोसावर. आम्ही त्यांच्या शिवेत शिरलो तर काठ्या घेऊन तिघं उभे. त्यांना हलगी ऐकू गेली होती. त्यांतला एक चांगला हसरा माणूस होता. तो म्हणाला, "आमच्या गावात आमच्याच देव्या मायेना झाल्या. तुमची तुमच्याजवळ ठेवा." बाकीचे दोघं हसले. भीतीनेच हसले असतील, पण हसले.

मग आम्ही नाल्याच्या काठी बाभळीखाली बसलो. मागे आमचं गाव, पुढे त्यांचं. मध्ये आम्ही तिघं आणि मरीमायचा गाडा.

नारळ फोडून मी खोबरं मायच्या तोंडात घातलं. तिने चावलं नाही. बाळासाठी दूध नव्हतं. ते आता रडतही नव्हतं, नुसतं तोंड उघडायचं. संध्याकाळी माय पहिल्यांदा बोलली. बाळाकडे बोट करून म्हणाली, "हे कोनाचं हाये?"

मी म्हटलं, आपलं.

ती म्हणाली, "आपलं मेलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी पुढच्या गावच्या महारवाड्यातली एक म्हातारी आली. सुईण होती. हातात कण्यांचं मडकं, बरोबर दाव्याला शेळी. गाड्याकडे तिने पाहिलंही नाही. सरळ मायपाशी बसली, तिचे डोळे उघडून पाहिले, पोट चाचपलं, छाती दाबून पाहिली. मग मला विचारलं, "किती दिसांची निजली नाही हे?"

इतक्या दिवसांत हे कोणीच विचारलं नव्हतं. भगताने विचारलं नाही, थोरल्या बाईंनी सहा बाळंतपणं काढलेली, त्यांनीही नाही. मी बोटांवर मोजलं. बाप पडला त्या दिवसापासून. अकरा.

म्हातारी म्हणाली, "मंग देवी कायची आली इथं. बाळंतिनीचं असं होते. त्यात घरात दोन मयती. मीनं अशा चार पाह्यल्या."

"वाचल्या?"

"दोन वाचल्या."

बाकीच्या दोघींचं मी विचारलं. ती शेळीचं दूध काढत राहिली. धार न थांबवता म्हणाली, की हिला विहिरीपाशी एकटी सोडू नको.

तिने मायला पेज पाजली, घोट घोट. डोक्यावर तेल थापलं. बाळाला दूध पाजून स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि मायला सांगितलं, आता तुझ्याकडे काही काम नाही, पोरगं माझ्याकडे आहे, तू नीज. हे ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली, न रागावता. ऊन बाभळीच्या एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला गेलं. आणि माय निजली. तोंड उघडं टाकून, घोरत. मरीमाय घोरत नसावी.

ती निजलेली असताना मी सगळं नीट लावलं. अंगात देवी असती तर पेज आणि तेलाने गेली नसती. म्हणजे देवी नव्हती. म्हणजे पाटील चुकला. म्हणजे पाटील चुकू शकतो. अकरा वर्षांच्या पोरीसाठी हा शेवटचा हिशेब फार मोठा होता.

म्हातारीला विचारलं, पाच मंगळवार इथं राहिलो तर? ती म्हणाली, तेरा दिवसांचं पोर उघड्यावर पाच मंगळवार राहत नाही. तिच्या गावात ती आम्हाला नेऊ शकत नव्हती, काठीवाले अजून वेशीत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी मायचा हात धरला, बाळ उराशी घेतलं आणि निघाले. मागे पाहायचं नव्हतं ना? मी मागेच गेले. वस्तीकडे जायची वाट गावाबाहेरून होती. मी त्या वाटेने गेले नाही. मधल्या गल्लीने गेले, जिथून आम्हाला चालायची मुभा नव्हती. एकही माणूस अडवायला पुढे झाला नाही. अडवायचं तर शिवावं लागलं असतं. आमच्या विटाळाला ते भ्याले आणि देवीलाही भ्याले. बायकांनी पोरांना ओढून घरात घेतलं, दारं लावली. त्यांच्या भीतीने आम्हाला वाट करून दिली.

पाटील ओसरीवर दात घासत होते. मी जोहार घातला नाही. ओटीतलं सगळं पायरीवर सांडलं. नारळाच्या करवंट्या, तांदूळ, खण. हिरवं लुगडं मायच्या खांद्यावरून काढून वर ठेवलं.

"माही माय देवी नाही. आजारी हाये. अकरा दिस निजली नोती, काल निजली. आमी घरी चाललो."

ओटी परत करतात हे त्या गावाने पाहिलं नव्हतं. पाटलाच्या तोंडात राखुंडी तशीच. थोरल्या बाई आतून आल्या आणि दारातच थांबल्या.

"कोनं शिकवलं वं तुले हे?" पाटील म्हणाले.

मी मायचा हात पुन्हा धरला. म्हातारीचं नाव घेतलं असतं तर तिचं घर जळलं असतं, एवढं मला कळत होतं.

आम्ही घरी गेलो. छपराची पाचटं कोणी तरी काढून नेली होती. सूप नव्हतं.

भाऊ दिवाळीच्या दोन दिवस आधी गेला. त्याचं नाव ठेवायचं राहिलं. गाव म्हणालं, देवीने आपलं घेतलं, ओटी परत केली त्याची शिक्षा. मी म्हणते, बाभळीखाली दूध न मिळालेला दीड दिवस. माय वाचली. पुढे एकोणीस वर्षं जगली. निंदणी केली, वेचणी केली, मला वाढवलं. पण कोणतंही तान्हं मूल तिने पुन्हा हातात घेतलं नाही. माझीसुद्धा नाही.

आणखी एक. त्याच महिन्यात पाटलांची धाकटी सून बाळंत झाली. नवरा मानमोडीत गेलेला. तीही बोलेना, निजेना, पोराला घेईना. तिच्यासाठी कारंज्याहून वैद्य आला. तिला आजार झाला असं गावाला सांगितलं, आणि गादी घातलेल्या बैलांच्या दमणीतून तिला माहेरी विसाव्याला पाठवलं. गावाने चौकशी केली. हळहळ केली. मीही दमणी जाताना पाहिली. सून आत बसली होती, डोळे माझ्या मायसारखेच. तिचा राग मला कधी आला नाही.

आता मी चाळिशीला आले. दाईचं सरकारी शिक्षण घेतलं, त्यासाठी अक्षरं शिकले. तिथे आम्हाला नाडी, ताप, रक्तस्राव, नाळ, सगळं शिकवलं. झोपेचं कोणी शिकवलं नाही. छापील कागदावर दोनच गोष्टी भरायच्या असतात: बाई जिवंत की मेली, मूल जिवंत की मेलं. माझी माय त्या कागदावर जिवंत ठरली असती आणि कागद बंद झाला असता.

म्हणून मी स्वतःची वही ठेवते. प्रत्येक बाळंतिणीच्या नावापुढे तीन रकाने. निजली का. जेवली का. मुलाकडे पाहते का. दीड महिना, दर चार दिवसांनी. सवर्णांच्या घरी बाळंतपणाला माझे हात चालतात. पाचवी झाली, घर सारवलं, की तेच हात उंबऱ्याबाहेर. "तुह्यं काम झालं, बाई." मी म्हणते, निम्मं झालं. काही घरं ऐकतात. बरीच नाहीत.

सध्या कामरगावात एका मोठ्या घरची सून बाळंत होऊन अकरा दिवस झाले. मूल गोरंगोमटं, वजनदार. पाचवीनंतर मला आत घेतलं नाही. त्यांच्याकडे भांडी घासणारी काल सांगून गेली की सूनबाई निजत नाही, भिंतीकडे तोंड करून बसते, आणि सासूने भगताला निरोप धाडला आहे. मी आज गेले होते. सासू दारात आली, म्हणाली पोरगी लाडावली आहे, नाटकं करते, आणि तुझा आता काही संबंध नाही.

मी परत आले. यायला नको होतं.

उद्या सकाळी पुन्हा जाते. परसदाराने नाही. दार लावलं तर दारात बसेन आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारेन, ही किती दिवसांची निजली नाही. शिवण्याच्या भीतीने मला कोणी उचलून टाकणार नाही, हे मला अकराव्या वर्षापासून माहीत आहे.

वहीत पाचवीनंतर तिच्या नावापुढचे तिन्ही रकाने कोरे आहेत.