हिरकणीबाईंचे हात

शुक्रा वरठाला आयुष्यात एकच गोष्ट करायची होती. जिवंत माणूस समोर बसवून त्याचं आख्खं चित्र काढायचं, तैलरंगात, कपाळापासून नखांपर्यंत. वय त्रेचाळीस झालं तरी ते जमलं नव्हतं, कारण त्याच्याकडे चित्रासाठी येणारी माणसं सगळी मेलेली असत. त्यांचे नातेवाईक पासपोर्ट फोटो घेऊन यायचे, आणि पासपोर्ट फोटोत माणूस छातीवर संपतो.

नोकरी तलासरीजवळच्या एका आश्रमशाळेत, शिपायाची. शाळेला कुणा दात्याने युरोपातल्या थोर चित्रकारांचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक भेट दिलं होतं. त्या वर्षी मुलांचे गणवेश आले नव्हते, पुस्तक मात्र वेळेवर आलं. ते कपाटात बंद झालं आणि कपाटाची किल्ली शुक्राकडे होती. इंग्रजी येत नसल्यामुळे त्याने चित्रकारांची नावं कधी वाचली नाहीत. तो त्यांना पानांच्या आकड्यांनी ओळखायचा. एकोणचाळीसवाला उजेड खिडकीतून आणायचा. बावन्नवाल्याला कपडे छान यायचे, माणसं यायची नाहीत. एकसष्टवाला म्हातारा स्वतःचंच तोंड पुन्हा पुन्हा काढायचा, बहुतेक त्यालाही समोर बसायला कुणी मिळत नसावं. अकरा वर्षं शुक्रा ही पानं उतरवत होता. आधी खडूने फळ्याच्या मागच्या बाजूला, मग पोस्टर कलरने, मग वापीहून आणलेल्या ट्यूबांनी, खळ लावून ताणलेल्या मांजरपाटावर.

त्या पुस्तकाच्या छपाईत हिरवा रंग जास्त पडला होता. हे सांगणारं कुणी नसल्यामुळे शुक्राची समजूत झाली की माणसाच्या गालाची सावली हिरवी असते. एवढी थोर माणसं काढतात म्हणजे असणारच. त्याचं मागणीवरून काढलेलं पहिलं चित्र एका वारलेल्या मास्तरांचं होतं. त्यांच्या बाईंनी हार घालायच्या आधी ते नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "हे हार्ट अटॅकने गेले. तू कावीळ कशाला दिलीस?"

शुक्रा घरी आला आणि बायकोला, रूपीला, दारात बसवून तासभर तिच्या गालाकडे बघत राहिला. रूपीला वाटलं, याला काहीतरी सांगायचंय. त्याला फक्त हिरवा शोधायचा होता. तो सापडला, पण नखभर. पुढच्या चित्रांत त्याने तो नखभरच ठेवला आणि लोक म्हणू लागले की शुक्राच्या चित्रातलं माणूस आता बोलेल. रूपी मात्र पुन्हा समोर बसली नाही. आईला, काळीला, विचारण्यात अर्थ नव्हता. ती जेवायला तरी बसते की नाही याबद्दल घरात दुमत होतं.

वारली असून वारली चित्रं काढत नाही, ही त्याच्याविरुद्धची कायमची तक्रार. डहाणूच्या किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टने एकदा त्याला भिंत दिली. शुक्राच्या घरात भिंतीवरचा लग्नाचा चौक, म्हणजे खरं वारली चित्र, बायकांनी लिहायचा असतो; त्याने तो फक्त लांबून पाहिलेला. त्याचे त्रिकोण फुगले, त्याच्या नाचणाऱ्यांना पोटऱ्या आल्या. शेवटी ती भिंत वापीच्या एका पेंटरने छापा लावून रंगवली. पाहुणे आले तेव्हा मॅनेजरने शुक्राला तिच्यासमोर उभं केलं आणि सगळ्यांनी त्याच्याबरोबर फोटो काढून घेतले.

अशात मसोलीच्या अमृतशेठचा निरोप आला. चिकूची मोठी वाडी, समोर ओसरी, घरात आई हिरकणीबाई, वय अठ्ठ्याऐंशी. डॉक्टरांनी महिना-दीड महिना सांगितला होता. अमृतशेठ व्यवस्थित माणूस. पाहुण्यांची यादी झाली होती, स्वयंपाकी ठरला होता, राहिलं होतं चित्र. आयत्या वेळी फोटो मोठा करून लावला की माणूस फरारी आरोपी दिसतो, असं त्यांचं निरीक्षण होतं. तेव्हा तोंड आहे तोवर काढून घ्यावं. कशासाठी ते आईला सांगायचं नाही, एवढं पथ्य.

शुक्राने ऐकलं ते एवढंच, की माणूस जिवंत आहे आणि समोर बसणार आहे.

पहिल्या रविवारी हिरकणीबाई ओसरीवर आरामखुर्चीत होत्या. अंगावर शाल, बोटात हिरव्या खड्याची अंगठी. शुक्राने फळी उभी केली, कोळशाने चेहऱ्याची बाहेरची रेघ मारली. ती पुरी व्हायच्या आत त्यांनी विचारलं, "बाराव्याचं ना?"

शुक्राने रेघ पुरी केली.

"मग घाई करू नकोस. मला नाहीये."

आणि त्यांनी खरोखर घाई केली नाही. बऱ्याच वर्षांत त्यांच्याकडे कुणी सलग तीन तास पाहिलं नव्हतं. दुसऱ्या रविवारी त्यांनी केसांना तेल लावून घेतलं. तिसऱ्या रविवारी साडी बदलली आणि शुक्राला मागचं सगळं पुन्हा काढायला लावलं. चौथ्या रविवारी त्या स्वतःच्या पायाने ओसरीवर आल्या. चेहरा जमत होता. हनुवटीखालचा नखभर हिरवा एकसष्टवाल्यालाही आवडला असता. पण हात येत नव्हते. हिरकणीबाईंचे हात लहान, मऊ, खुर्चीवरून बोट दाखवण्यापुरते वापरलेले. शुक्रा काढायचा आणि पुसायचा.

"तोंड माझं आणलंस," त्या म्हणाल्या, "हात म्हशीचे कशाला?"

बोलण्यात त्यांना मजा यायची, विशेषतः समोरच्याला हलता येत नसेल तर. इथे हलायचं नव्हतं त्यांनी, पण शुक्राच जास्त स्थिर असायचा. त्याची आई याच वाडीत चाळीस वर्षं चिकू काढायला होती, हंगामभर टोकाच्या झोपडीत राहून, हे त्यांना पाठ होतं. काळी शिडीवरून पडली तेव्हा आपण कशी हळद पाठवली, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मनगट गावातल्याच कुणी बसवलं, ते वाकडं बसलं.

"पण दुसऱ्या दिवशी आली हो कामाला," हिरकणीबाई म्हणाल्या. "आमच्या अमृतला मी लहानपणी हेच सांगायची. पडलं तरी दुसऱ्या दिवशी यायचं."

शुक्रा तेव्हा शालीची घडी रंगवत होता. ती घडी पुढे सगळ्यांना आवडली.

अडीच महिने झाले. हिरकणीबाई दोन्ही वेळा जेवू लागल्या. स्वयंपाक्याची तारीख पुढे ढकलावी लागली, आणि अमृतशेठ शुक्राला फाटकापाशी गाठून म्हणाले की आईला या बसण्याचा फार त्रास होतो, आता पुरे, राहिलेलं फोटोवरून कर. हात राहिलेत, शुक्रा म्हणाला, दोन रविवार द्या. अमृतशेठनी हाताला काय एवढं लागतं, असं विचारलं आणि फाटक लावून घेतलं.

पुढच्या रविवारी हिरकणीबाई केस विंचरून ओसरीवर बसून राहिल्या. त्याच्या पुढच्या रविवारीही. त्यानंतर त्यांनी तेल लावून घेणं सोडलं, आणि मग जेवण. डॉक्टरांचा अंदाज एकूण बरोबर निघाला, फक्त उशिरा.

फोन आला तेव्हा चित्रात चेहरा होता, साडी होती, शाल होती, आणि मांडीवर पुसून पुसून मळलेली जागा. बाराव्याला दहा दिवस होते. फोटो मिळाले ते सगळे छातीवर संपलेले. शाल ओढून हात झाकता आले असते. पण मग ते पुन्हा छातीवर संपलेलं माणूस झालं असतं, आणि तसली त्याने पुष्कळ काढली होती.

त्याने काळीला स्टुलावर बसवलं.

"हातांचं काय करू?" ती म्हणाली.

"काही करू नको. ठेव मांडीवर."

हे तिला सगळ्यात अवघड गेलं. पण तिसऱ्या दिवशी हात आले. जसे अकरा वर्षांत एकाही पानावरून आले नव्हते तसे. फुगलेले सांधे, चिकाने काळवंडलेली नखं, वाकडं डावं मनगट. कातडी गोरी करायला एक सकाळ लागली. नखं साफ केली, अंगठी चढवली. खऱ्या बोटात ती त्या सांध्यापलीकडे गेली नसती. मनगट तेवढं सरळ करायचं राहिलं. म्हणजे ब्रश उचलला होता, पण मनगट इतकं चांगलं जमलं होतं की त्याच्याने हात लाववेना. उजव्या कोपऱ्यात त्याने तांबड्या रंगात नाव घातलं.

बाराव्याला चित्र दिवाणखान्यात खुर्चीवर, चंदनाच्या हारात. पाहुणे आले, थबकले, म्हणाले की काकी आता बोलतील. काळीला भांड्यांसाठी बोलावलं होतं, ती मागच्या दारी. मग एका चुलत्याने चष्मा वर करून विचारलं, डावा हात असा होता का वहिनींचा?

अमृतशेठनी पाहिलं. आईचा हात त्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिला नसावा. "वाडीत काम केलंय आईने," ते सावकाश म्हणाले. कुणीतरी म्हणालं, तेव्हा सगळं हातानेच करायचे. आणखी कुणी विचारलं, पडल्या होत्या ना एकदा? अमृतशेठना लहानपणी ऐकलेलं काहीतरी आठवलं. कोण पडलं ते आठवलं नाही, तेवढं आठवायचं कारणही नव्हतं. "शिडीवरून," ते म्हणाले. डोळे भरून आले. "आणि दुसऱ्या दिवशी कामाला हजर."

पानं वाढेपर्यंत हिरकणीबाई शिडीवरून पडून, मनगट वाकडं करून, अर्धी वाडी स्वतः लावून मोकळ्या झाल्या होत्या. चुलत्याचं तरी समाधान होईना. तेव्हा अमृतशेठनी दाराशी उभ्या असलेल्या शुक्राला पुढे बोलावलं. "याने समोर बसवून काढलंय. शुक्रा, सांग यांना. आईचा हात असाच होता ना?"

काळी धुतलेल्या ताटांची चळत घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात आली होती. नाही म्हटलं असतं तर चित्र खाली उतरलं असतं. त्याने काढलेलं पहिलं आख्खं माणूस, त्याच्या नावासकट.

"होता," शुक्रा म्हणाला. "असाच होता."

काळीने ताटं एकेक करून खाली ठेवली. आवाज झाला नाही.

परतताना इको गाडीत ती खिडकीशी बसली, दोन्ही हात पदराखाली. विवळवेढ्याला महालक्ष्मीचं देऊळ आलं की ती गाडीतून हात जोडायची, कधी चुकली नव्हती. या वेळी तिने नुसती मान लववली.

पुढच्या रविवारी शुक्रा म्हणाला, "आये, तुझं काढतो. आख्खं."

"हात तर देऊन आलास," काळी म्हणाली. "राहिलेलं काढून काय करशील?"

महिन्याभराने अमृतशेठचा पुन्हा निरोप आला. आईशेजारी आता वडिलांचं पाहिजे. तीस वर्षांपूर्वी वारले, फोटो एकच, छातीपर्यंत. हात मात्र आईसारखे दे, कष्टाचे. शुक्राने चौकटीवर कापड ताणलं, खळ लावली, चौकट दाराच्या उजेडात वाळत ठेवली. त्याने काही विचारलं नाही. काळीने अंगण झाडून संपवलं, स्टूल स्वतःच ओढून उजेडाकडे सरकवलं आणि हात मांडीवर ठेवले, डावा वर.

"कामाचं असेल तर बसते," ती म्हणाली. "यात शिडीवरून कोण पडलंय?"