यशवंत गुरवाने न लावलेला प्रसाद

धारगळहून आत डोंगराकडे वळलं की सातेरीचं देऊळ लागतं, आणि देवळामागे झर. यशवंत गुरव चाळीस वर्षं या झरीचं तीर्थ लोकांच्या हातावर घालत आला होता. लहानपणी तापाने फणफणलो होतो तेव्हा याच पाण्याने उठलो, हे तो विचारणाऱ्याला सांगे आणि न विचारणाऱ्यालाही सांगे.

त्याची मुलगी सेजल साखळी गावात पाणी तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला. गावातली चार पोरं काविळीने अंथरुणाला खिळली तेव्हा तिने झरीचं पाणी बाटलीत भरून नेलं आणि तिसऱ्या दिवशी कागद घेऊन आली. पाण्यात मैल्याचे जंतू होते. गेल्या वर्षी देवस्थान समितीने भक्तनिवास बांधला, त्याच्या संडासाचा खड्डा बरोबर झरीच्या वर. आपलेच दात नि आपलेच ओठ, सांगायचं कुणाला?

"बाबा, जत्रेक ह्या झरीचा तीर्थ दिव नको," सेजल म्हणाली. "आठ दिसांनी हजार माणसां पितली."

यशवंतने दिवसभर तिच्याशी अबोला धरला. ज्या पाण्याने आपल्याला जगवलं ते माणसं पाडेल, हे काही केल्या त्याच्या गळी उतरेना. संध्याकाळी मात्र तो स्वतःच वर चढून गेला. खड्ड्याखालची माती ओली होती आणि वास लपत नव्हता.

दुसऱ्या दिवशी देवळाच्या चौकात बैठक भरली. अध्यक्ष गोकुळदास तसा माणूस वाईट नव्हे, पण भक्तनिवासाच्या दगडावर त्याचं नाव कोरलेलं. "इस्वास कागदार ठेवचो काय देवीर?" तो म्हणाला. "यशवंत, प्रसाद लाव. तीर्थ दिवचा काय नाय, ता देवीच सांगतली."

सगळ्यांनी माना डोलावल्या. देवीच्या अंगावर उजवीकडे नि डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि गाऱ्हाणं घालायचं; उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. यशवंतने पाकळ्या भिजवल्या. कुठली पाकळी किती दाबली की किती वेळ टिकते, हे त्याच्या बोटांना पाठ होतं. उजवी जरा घट्ट दाबली असती तर डावी आधी पडून गाव वाचलं असतं. जन्मात न केलेली लबाडी त्याला आज पुण्यासारखी वाटली, आणि त्याचीच त्याला भीती वाटली.

त्याने पाकळ्या तबकात परत ठेवल्या.

"आमका जा कळणा नाय, ता देवीक विचारूचा," तो म्हणाला. "ह्या तर कळला. माझ्या चेडवान तपासला, मी नाकान घेतला. कळलेला परत विचारूचा, म्हणजे देवीची परीक्षा घेवची. ता माझ्यान जावचा नाय."

"मगे तुका लहानपणी कोणी बरो केलो?" गोकुळदासने विचारलं.

"देवीनच. तिच्या झरीत घाण सोडली ती आमी."

मग मागून विमला उठली. तिची मुलगी आजारी होती. "माझ्या सुविधाचे डोळे अजून हळदीसारखे आसत," ती म्हणाली. "खड्डो फोडा."

दुसऱ्या दिवशी पहिली कुदळ गोकुळदासनेच मारली. झर बंद ठेवली आणि जत्रेचं तीर्थ विहिरीच्या उकळलेल्या पाण्याचं झालं. नवा खड्डा पार खाली, झरीपासून दूर गेला. पोरं हळूहळू बरी होऊन शाळेला लागली. सेजल मात्र दर महिन्याला बाटली नेत राहिली, आणि दसऱ्याच्या तोंडावर लागोपाठ तिसरा कागद निर्मळ आला.

दसऱ्याला झर उघडली. पहिलं तीर्थ अध्यक्षांचं, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा मान. गोकुळदास पुढे आला, हात पुढे केला, आणि काय वाटलं कोण जाणे, बाजूला सरला.

"आधी सेजलाक," तो म्हणाला.

सेजल पुढे आली. पाणी स्वच्छ आहे हे तिने स्वतः तपासलं होतं, तरी तिने डोळे मिटून हात पुढे केला. तिच्या तळहातावर पळीने तीर्थ घालताना यशवंत गुरव भर देवळात, सगळ्या गावासमोर, खुशाल रडला.